लंडनचं 'दार्जिलिंग एक्सप्रेस': जेवण उत्तम आहेच, पण किचनकडे तोंड करून बसा

लंडनमध्ये कोणी पाहुणे आले की "इथे चांगलं इंडियन कुठे मिळतं गं" हा प्रश्न येतोच येतो आणि मी हल्ली डोळे झाकून एकच नाव सांगते, सोहोमधलं दार्जिलिंग एक्सप्रेस. कार्नबी स्ट्रीटच्या मागे किंग्ली कोर्ट आहे, तीन मजली, जुन्या वाड्यासारखा मधे मोकळा चौक आणि चारी बाजूंनी हॉटेलं, तिथे. ऑक्सफर्ड सर्कसवर उतरलात तर चालत जवळ आहे. पदार्थांचे फोटो आणि व्हिडिओ ढिगाने सापडतील, त्यामुळे मी प्रत्येक वाटीचं वर्णन करत बसणार नाही. मला मनापासून सांगायचंय ते हे, की या हॉटेलच्या किचनमध्ये सगळ्या बायका आहेत, बहुतेक आपल्याच बाजूच्या देशांतून इथे आलेल्या, केटरिंग कॉलेजात एकही शिकलेली नाही, आणि आयुष्यभर घरच्यांसाठी जे फुकट केलं त्याच कामाचा इथे त्यांना पगार मिळतो आणि मान मिळतो.

मालकीण अस्मा खान. मूळच्या कोलकात्याच्या, १९९१ साली लग्न होऊन नवऱ्याबरोबर केंब्रिजला आल्या. तेव्हा स्वयंपाक अजिबात येत नव्हता हे त्या स्वतःच सगळीकडे सांगतात. थंडी, चार वाजता अंधार, दिवसभर बोलायला माणूस नाही आणि घरच्या जेवणाची आठवण, हे जिने काढलंय तिला यातला प्रत्येक शब्द कळेल. मग माहेरी जाऊन शिकल्या. नंतर इथे कायदा शिकल्या, किंग्ज कॉलेजमधून ब्रिटिश घटनाकायद्यात डॉक्टरेट केली, आणि एवढं सगळं करून २०१२ मध्ये घरीच सपर क्लब सुरू केला, म्हणजे लोक पैसे भरून तुमच्या घरी जेवायला येतात तो प्रकार. त्यात हाताशी कोण होतं तर शाळेच्या गेटवर ओळख झालेल्या बायका, दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, साध्या गृहिणी. पुढे सोहोतल्याच एका पबचं किचन काही काळ चालवलं आणि २०१७ मध्ये त्याच बायकांना घेऊन हे हॉटेल काढलं. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांच्यावर एक भाग आला तेव्हापासून तर टेबल मिळणं अवघड झालं. मधे कोव्हेंट गार्डनला मोठी जागा घेतली होती, २०२३ पासून परत किंग्ली कोर्टात आहेत.

मी गेले ती काकूंबरोबर. सख्ख्या नाहीत, ओळखीतून झालेल्या काकू, पण इथे माझं माहेर म्हणजे त्याच. सत्तरच्या दशकात दादरहून नवऱ्यामागे आल्या, बी.ए. बी.एड., मुंबईत शाळेत शिकवायच्या. "बाहेर जाऊन कसली भाजी-पोळी खायची, घरी करते मी" असं चाललेलं होतं निघेपर्यंत. आत गेल्यावर मी मुद्दाम त्यांना किचन दिसेल असं बसवलं. काकू मेन्यू वाचेचनात, आत काय चाललंय तेच बघत बसल्या. एक बाई, वयाने माझ्या आईएवढी असेल, कांदा परतत होती आणि दर वेळी उलथन्याची कड भांड्याच्या तळाशी घासून लागलेलं सोडवून घेत होती, घाई नाही काही नाही, शेजारची काहीतरी म्हणाली तर तोंड तिकडे करून हसली पण हात थांबला नाही. काकू म्हणाल्या, "बघ, तिने गॅस बारीक नाही केला, भांडं थोडं बाजूला सरकवलं. हे कोणी शिकवत नाही."

आता जेवण. पुचका आधी मागवा. आपल्या पाणीपुरीतला गरम रगडा यात नसतो, बटाटा-चण्याचं सारण आणि चिंचेचं आंबट पाणी, पुरी पातळ आणि कडक. काकू चौपाटीच्या पाणीपुरीवर वाढलेल्या त्यामुळे पहिली खाऊन गप्प बसल्या, दुसरी खाल्ली, मग म्हणाल्या वेगळंय पण छानंय. हैदराबादी चिंचेची डाळ आली तेव्हा मात्र खूश. लसूण, कढीपत्ता आणि लाल मिरचीची फोडणी वरून दिलेली, भाताबरोबर नुसती तेवढीच खाल्ली तरी चालेल. "गूळ हवा होता चिमूटभर" हे काकूंचं मत, मला तसंच आवडलं. आणि कोशा मांगशो! हे बंगाली मटण, मसाला अगदी कमी पाण्यात तासन्‌तास परतून काळपट होईपर्यंत आटवलेला, तो मटणाला धरून राहतो, ताटात ओघळत नाही. कोल्हापुरी झणका शोधत जाऊ नका, हे तिखट नाही, पण कांद्याचा गोडवा आणि मसाल्याचा खमंगपणा इतका खोल उतरलेला असतो की मी हाताने खायला लागले. शेजारच्या टेबलावरचे गोरे आजोबा आमच्याकडे बघून स्वतःही हाताने खायला लागले, ते बघून फार बरं वाटलं. शेवटी भापा दोई, वाफवलेलं गोड दही, थंडगार. मेन्यू बदलत असतो, तुम्ही जाल तेव्हा यातलं काही नसेलही, पण डाळ असेल तर सोडू नका.

जेवता जेवता काकू बोलायला लागल्या. एरवी त्या जुनं फार काढत नाहीत. इथे आल्यावर त्यांचं बी.एड. कोणी विचारातच घेतलं नाही, "तुमच्या उच्चारांमुळे मुलांना कळणार नाही" असं तोंडावर सांगितलं, आणि मग पॅकिंगच्या कारखान्यात उभं राहून काम. तिथे सगळ्या बायका गुजराती, पंजाबी, कॅरिबियन, आणि सुपरवायझर गोरा पुरुष. बाथरूमला जायचं तर हात वर करून विचारायचं. ओव्हरटाइम सांगायचा तो सुट्टीच्या दहा मिनिटं आधी, मूल पाळणाघरात असेल तर तुमचं तुम्ही बघा. पुरुषांना त्याच ठिकाणी मशीनवर घ्यायचे आणि पगार जास्त. घरी आल्यावर परत सासू-सासरे, नणंदेची मुलं, सगळ्यांचा स्वयंपाक. "कुणाला सांगणार? बाहेर गोऱ्यांना सांगितलं तर म्हणायचे परत जा, घरी सांगितलं तर म्हणायचे मग नोकरी सोड."

त्याच काळात उत्तर-पश्चिम लंडनमध्ये विल्सडेनला ग्रनविकचा संप झाला होता. फोटो धुवून देणारी कंपनी, उन्हाळ्यात ढीगभर काम आणि कामगार बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका. २० ऑगस्ट १९७६ ला जयाबेन देसाई नावाच्या साडेचार-पाच फुटी बाई ओव्हरटाइमच्या सक्तीवरून बाहेर पडल्या आणि मॅनेजरला ऐकवून गेल्या की तुम्ही कारखाना नाही प्राणीसंग्रहालय चालवताय, आणि त्यात तुमच्या बोटावर नाचणारी माकडं असतात तसे तुमचं डोकं चावून तोडणारे सिंहही असतात. जुलै १९७८ पर्यंत चालला तो संप. साडी, त्यावर जाड कोट, हातात फलक, असे फोटो आहेत. हजारो गोरे कामगार, खाणकामगारसुद्धा, त्यांच्या बाजूने डॉलिस हिल स्टेशनजवळच्या रस्त्यावर येऊन उभे राहिले, हे त्या आधी कधी झालं नव्हतं. संप हरला, बायकांना परत घेतलं नाही, मोठ्या युनियननी हात काढून घेतला तेव्हा जयाबेन त्यांच्याच मुख्य कार्यालयाबाहेर उपोषणाला बसल्या. काकू त्या संपात नव्हत्या, पण टीव्हीवर साडीतल्या बाईला साहेबाशी तोंड वर करून बोलताना बघितलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्या बायका त्याच विषयावर बोलत होत्या असं सांगताना त्यांचा आवाज चढला होता.

आणि १९७९ चं हीथ्रोचं प्रकरण. आमच्या पिढीला हे माहीतच नाही. लग्न करायला आलेल्या ३५ वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची विमानतळावर 'कौमार्य तपासणी' केली होती, ती खरंच अविवाहित आहे का हे बघायला! पेपरात छापून आलं, भारतात संताप झाला, मग ते बंद झालं. काकू तेव्हा म्हणे महिनाभर झोपल्या नाहीत कारण त्यांची धाकटी बहीण लग्न ठरून येणार होती. हे गोऱ्या अमेरिकन मुलीबरोबर झालं असतं का? आणि आपल्या पुरुषाबरोबर तरी झालं असतं का? नाही. बाई आणि ब्राउन, दोन्ही असल्याशिवाय हे वाट्याला येत नाही, आणि माझा सगळा मुद्दा तोच आहे.

कायद्यालाही हे नीट पकडता येत नाही इथे. २०१० च्या समानता कायद्यात चौदावं कलम आहे, दोन कारणांनी मिळून झालेल्या भेदभावाबद्दल, म्हणजे बाई म्हणून आणि वंशामुळे असं एकत्र. कायदा झाला, बाकीचा बहुतेक लागू झाला, हे कलम मात्र त्यानंतर आलेल्या सरकारने लागूच केलं नाही. मग तक्रार करायची तर बाई म्हणून झालेला त्रास वेगळा सिद्ध करा आणि भारतीय म्हणून झालेला वेगळा. ऑफिसातल्या गोऱ्या बायकांना प्रमोशन मिळालंय आणि भारतीय पुरुषांनाही मिळालंय, मग तुमची तक्रार कसली असं म्हणून मोकळे होतात. माझ्याबरोबर अगदी असंच झालंय, कंपनीचं नाव लिहीत नाही. मी पुण्याहून एम.फार्म. करून डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आले, इथे डिपेंडंटला काम करायची मुभा असते, अमेरिकेत नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलींसारखं वर्षानुवर्षं हात बांधून बसावं लागत नाही, पण मुभा असणं आणि कोणी घेणं यात फरक आहे. सीव्हीवरच्या गॅपबद्दल प्रत्येकाने विचारलं. त्या गॅपमध्ये मी काय करत होते ते सांगितलं की समोरचा पेन खाली ठेवायचा. घर चालवणं, लहान मूल, परक्या देशात सगळं नव्याने लावणं, सासऱ्यांचं आजारपण, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

म्हणून हे किचन मला इतकं महत्त्वाचं वाटतं. ब्रिटनमधली करी हाउस म्हणजे बहुतेक सिल्हेटी पुरुषांनी उभी केलेली, त्यांचे कष्टही कमी नाहीत, रात्री दोनपर्यंत भांडी घासून त्यांनी हा धंदा उभा केला, पण मागच्या दाराने आत गेलात तर बाई दिसणार नाही. घरात चूल बाईची आणि पगार असेल तिथे पुरुष. तोच मसाला, तोच कांदा. इथे अस्मा खान यांनी ते उलटं करून दाखवलं आणि तेही सोहोसारख्या महागड्या जागी. ज्या बायकांचा अनुभव कुठल्याही कागदावर नव्हता त्यांच्या हाताला अनुभव मानलं. वीस-तीस वर्षं रोज दहा माणसांचं करणारी बाई शंभर माणसांचं करू शकते हे आपल्याकडे कुणालाही विचारा, पंगती आठवा, पण बँकेला आणि व्हिसा ऑफिसला ते पटत नाही.

एक गोष्ट मला खटकते आणि ती हॉटेलबद्दल नाही, हॉटेलबद्दल लिहिणाऱ्यांबद्दल आहे. इथल्या बायकांचं कौतुक करताना "घरगुती", "आईच्या मायेने केलेलं", "प्रेम ओतलेलं" असंच लिहितात. पुरुषाने मटण तीन तास परतलं की तंत्र, बाईने परतलं की माया! प्रेम असेलच, पण समोर जे चाललेलं होतं ते कसब होतं, सर्व्हिसच्या गर्दीत एकाच वेळी चार भांड्यांवर लक्ष ठेवणारं, आणि त्याला कसबच म्हणा.

आणि सगळं खापर गोऱ्यांवर फोडून चालणार नाही. आपल्या मंडळांमध्ये (कुठलं ते सोडा) दिवाळीच्या कार्यक्रमाला पाचशे पुऱ्या लाटायला बायका, स्टेजवर शाल-श्रीफळ घ्यायला पुरुष, हे मी इथे आल्यापासून बघतेय, आणि मुलगी विचारते की आई तू आत का असतेस नेहमी. अस्मा खान स्वतः घरातली दुसरी मुलगी, दुसरी मुलगी झाली की घरात सुतक असल्यासारखं वातावरण असतं हे त्या उघडपणे बोलतात आणि दुसऱ्या मुलींसाठी त्यांनी निधीही काढलाय. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये नकुशी नाव असलेल्या २८५ मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली होती, आठवत असेल. ते ओझं घेऊनच आपण विमानात बसतो. त्यात भर म्हणून डिपेंडंट व्हिसा, म्हणजे नवऱ्याने हाकललं तर व्हिसा पण गेला आणि सरकारी मदतही नाही. कोणाला गरज असेल तर सांगून ठेवते, पश्चिम लंडनमधल्या साउथॉलला १९७९ पासून साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था आहे, मारहाणीतून बाहेर पडणाऱ्या आपल्या बायकांसाठी त्यांनी कोर्टापासून सरकारपर्यंत भांडणं केलीत, आणि २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या आणि नोकरीच्या व्हिसावरच्यांच्या जोडीदारांनाही अशा वेळी तीन महिन्यांची सवलत मागता येते, त्या काळात सरकारी मदत मिळू शकते. आधी संस्थेशी बोला, मगच अर्ज करा.

परत हॉटेलकडे येते. एका हॉटेलाने सगळं बदलणार नाही हे मलाही कळतं, हीथ्रोभोवती विमानातलं जेवण पॅक करणाऱ्या, ऑफिसं रात्री साफ करणाऱ्या बायकांना सोहोत कोणी बोलावणार नाहीये. पण मला आमच्या काकूंचा चेहरा बघायला मिळाला. बिल आल्यावर त्यांनी वेट्रेसला विचारलं की आत त्या कांदा परतत होत्या त्यांना भेटता येईल का. गर्दी होती, तरी ती बाई हात पुसत दोन मिनिटं बाहेर आली. काकूंना बंगाली येत नाही आणि तिला मराठी नाही, दोघी मोडक्या हिंदीत कांद्याबद्दल बोलल्या, किती वेळ, कुठलं तेल, मीठ कधी. काकू तिला म्हणाल्या, "बहोत अच्छा काम करती हो आप." काम म्हणाल्या, जेवण नाही म्हणाल्या, हे मला फार आवडलं.

पैशाचं म्हणाल तर स्वस्त नाही, मध्य लंडनचे भाव आहेत, साउथॉलच्या ढाब्याशी तुलना करू नका. रोज जायची जागा नव्हे, वाढदिवस, आई-बाबा आलेत, पहिला पगार, अशा वेळी जा. शाकाहारी मंडळींना पुरेसं आहे. आवाज भरपूर असतो, शांत गप्पांसाठी जायचं तर दुपारची वेळ बघा. बुकिंग आधी करून ठेवा आणि करताना किचन दिसेल अशी जागा मिळते का विचारा. जेवणाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा काकूंच्या गुळासाठी राखून ठेवलाय.

आम्ही परत जाणार आहोत, काकूंनीच ठरवलंय, त्यांच्या हाउन्स्लोच्या दोन पंजाबी मैत्रिणींना घेऊन. त्यातल्या एक हीथ्रोला विमानांचं जेवण बनवणाऱ्या कंपनीत होत्या, ऑगस्ट २००५ मध्ये सुमारे ६७० जणांना एका झटक्यात काढलं, काहींना तर कार पार्कमध्ये भोंग्यावरून सांगितलं, बहुतेक साउथॉल-हाउन्स्लोच्या आपल्या बायका, त्यांच्यात काकूंच्या या मैत्रीणही होत्या. एअरलाइनच्या ग्राउंड स्टाफने त्यांच्यासाठी काम बंद केलं आणि विमानं अडकली तेव्हा कुठे जगाला कळलं की ट्रेमधलं जेवण कोण भरतं. मी त्यांना सांगितलंय की मटण मी मागवते, तुम्ही ते सगळं पहिल्यापासून सांगा.